दीपाच्या हातची चिठ्ठी

पद्मिनीकाकूंच्या घरी भिशी असली की चिठ्ठी काढायची ती दीपानेच, असा जणू नियमच पडून गेला होता. पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या, चहा झाला, की काकू किचनच्या कपाटात मांडलेल्या देवांपुढचा स्टीलचा डबा घेऊन यायच्या. डब्यात सगळ्या बायकांच्या नावांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.

"कुठंय गं आमची लक्ष्मी?"

मग दीपा हातातली बाहुली खाली ठेवून यायची आणि डोळे गच्च मिटायची. इतके गच्च की नाकाला सुरकुत्या पडायच्या. डब्यात हात घालून ती बराच वेळ चिठ्ठ्या ढवळायची आणि एक वर काढायची. जिची निघाली तिने तिचा पापा घ्यायचा आणि बाकीच्यांनी "हाताला गुण आहे हो पोरीच्या" म्हणत आपली निराशा गिळायची.

"लहान मुलाच्या हातात पाप नसतं," काकू दर वेळी सांगायच्या. "त्याला ना हाव, ना आपलं-परकं. मोठ्यांनी काढली की कुणाच्या ना कुणाच्या पोटात दुखतंच."

कांचनला हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. सांगलीला तिच्या आईच्या भिशीत हीच चिठ्ठी ती स्वतः काढत असे. फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे आणि मिटलेले डोळे. तेव्हाच्या त्या अंधारात बोटांना लागणारे कागद तिला अजून आठवत. आता तिची लेक तेच करत होती, न्यू जर्सीत, गालिच्यावर उकिडवी बसून. एवढी एक गोष्ट तरी जशीच्या तशी समुद्र ओलांडून आली, याचं कांचनला फार बरं वाटायचं.

बाकी काहीच तसं राहिलं नव्हतं. पिस्कॅटवेला लागूनच असलेल्या एका छोट्या गावात त्यांनी घर घेतलं होतं. घराच्या हप्त्यांसाठी कांचनला हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी धरावी लागली होती. नरेंद्र, तिचा नवरा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी अंधारात गाडी काढायचा तो संध्याकाळी अंधारातच परतायचा. कांचन साडेपाचला सुटायची. दीपाची शाळा सुटायची तीनला. या तीन ते साडेपाचच्या मधल्या खड्ड्यावर एकच फळी टाकलेली होती, ती म्हणजे मिस पेगचा क्लब.

जुन्या फायर स्टेशनच्या वरच्या मजल्यावर हा मुलांचा क्लब चालायचा. मिस पेग म्हणजे पेग डोलन, साठीची, जाड काचांचा चष्मा, कायम अंगात एकच हिरवा स्वेटर. शाळेपासून मुलांची रांग ती स्वतः चालवत आणायची. वर गेल्यावर क्रॅकर्स, दूध, गृहपाठ, मग पिंगपाँग. फी नावाला. ज्यांच्या आया कामावर आणि घरी आजी नाही अशी गावातली सगळी पोरं तिथं. दीपा तिथं दात पडल्याची बातमी सर्वांत आधी सांगायची. तिथंच ती पोळीला 'टॉर्टिया' म्हणायला शिकली आणि तिथंच एका आयरिश पोराला तिने 'बस खाली' म्हणायला शिकवलं.

त्या वर्षी क्लबला वॉशिंग्टनहून, सरकारकडून येणारा पैसा आटला. ऑगस्टमध्ये मिस पेगने आयांना एकत्र बसवून सरळ सांगितलं, "ख्रिसमसपर्यंत कसंबसं ढकलेन. पुढचं देवाला ठाऊक. एकच मार्ग दिसतोय. नोव्हेंबरात एक रॅफल काढू. ते नीट पार पडलं तर वर्षभर दर शुक्रवारी बिंगो. पण दोन्हीला गावाच्या कौन्सिलची परवानगी लागते."

"बिंगो म्हणजे आपली हाउजीच की," कांचन घरी आल्यावर नरेंद्रला म्हणाली.

"आणि रॅफल?"

"लॉटरी रे. क्लबसाठी. धर्मादाय."

"धर्मादाय जुगार!" नरेंद्र टाय सोडता सोडता हसला. "म्हणजे उपासाची बिर्याणी. तुझे नाना पत्त्यांचा जोड घरात ठेवू द्यायचे नाहीत, आणि त्यांची कन्या इथं नगरपालिकेत जाऊन लॉटरीला परवानगी मागणार?"

"नानांच्या घरी आई होती दुपारची. माझ्या घरी कोण आहे? तू येतोस का तीन वाजता?"

यावर नरेंद्रने टाय घडी घालून ठेवला आणि भाताचा कुकर उघडायला गेला.

सप्टेंबरच्या मीटिंगला कांचन दीपाला घेऊनच गेली. कौन्सिलचे पाचजण उंच टेबलामागे ओळीने बसलेले. त्यातले वॉल्टर हॅलर नावाचे एक गृहस्थ, उंच, वाकलेले, निवृत्त शिक्षक. ते आवाज न चढवता बोलले. माझे वडील शुक्रवारी पगाराचं पाकीट घेऊन आधी घोड्यांच्या शर्यतीला जायचे आणि मग घरी यायचे, असं त्यांनी सांगितलं. "मुलांसाठी म्हणून जुगार सुरू होतो आणि मुलांपर्यंतच येऊन पोचतो. मी या वेळी हो म्हणेन. पण अट एक. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही या खेळाशी काही संबंध येता कामा नये. तिकीट विकायचं नाही, घ्यायचं नाही, खेळ चालवायला हात लावायचा नाही. एवढं पाळलंत तर जानेवारीत बिंगोसाठी या."

मांडीवर झोपलेल्या दीपाचे केस सारखे करत कांचनने हे सगळं नीट ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, पाळलं. क्लबमधली मोठी मुलं तिकिटं विकायला निघाली तेव्हा तिनेच त्यांना परत फिरवलं. ती स्वतः दर शनिवारी सुपरमार्केटच्या दारात टेबल मांडून उभी राहायची. साडीवर कोट, कोटावर क्लबचा बिल्ला. सुरुवातीला लोक तिला चुकवून जायचे. मग तिने हसून "गुड मॉर्निंग, हे आपल्या मुलांसाठी आहे" म्हणायला सुरुवात केली. कुणी विचारायचं, कुठल्या देशाची? कुणी नुसतंच कपाळाकडे बघायचं. एक म्हातारा दर शनिवारी एक तिकीट घ्यायचा आणि दर शनिवारी विचारायचा, "हत्ती होता का तुमच्याकडे?"

"दोन होते," ती एकदा वैतागून म्हणाली. "एक विकून विमानाचं तिकीट काढलं." म्हातारा इतका हसला की त्या दिवशी त्याने तीन तिकिटं घेतली.

पाच वर्षांत पहिल्यांदाच या गावात तिला कुणीतरी नावानिशी ओळखू लागलं होतं. 'कॅनचॅन' म्हणत असतील, पण ओळखत होते.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी दुपारी सोडत होती. फायर स्टेशनचा खालचा हॉल भरून गेला होता. पहिलं बक्षीस रंगीत टीव्ही, दुसरं टर्की, तिसरं कुणीतरी विणलेली गोधडी. मधोमध जाळीचं फिरतं पिंप, त्यात सगळी तिकिटं. मिस पेग हिरव्या स्वेटरच्या बाह्या वर सारून पुढे झाली, तेवढ्यात मागून एक पुरुषी आवाज आला. "पेग, डोकावू नकोस हं! तुझ्या मेव्हण्याने ढीगभर तिकिटं घेतलीत म्हणे!"

हॉल हसला. पण ते हसणं कांचनला ओळखीचं होतं. भिशीत मोठ्यांनी चिठ्ठी काढली की बायका असंच हसायच्या आणि मग आठवडाभर फोन चालायचे. मिस पेगचे कान लाल झाले. तिचा हात पिंपाच्या दारापाशी अडखळला.

आज इथं कुणाच्या मनात किंतु राहिला तर जानेवारीत हीच माणसं कौन्सिलपुढे जाऊन सांगतील, ही गोष्ट कांचनच्या मनात लख्खकन चमकली. सगळं स्वच्छ झालं पाहिजे. आणि स्वच्छ कसं करायचं ते तर तिला तिच्या आईने, आईला तिच्या आईने शिकवलं होतं.

"एक मिनिट!" ती उठून उभी राहिली. स्वतःच्याच मोठ्या आवाजाने ती दचकली. "आमच्याकडे चिठ्ठी लहान मूल काढतं. सगळ्यात लहान. म्हणजे कुणाला शंका राहत नाही."

 मग कुणीतरी बाई "किती गोड!" म्हणाली आणि टाळ्या पडल्या. मिस पेगच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की कांचनला भरून आलं. तिने दीपाला कडेवर उचललं. जांभळा स्वेटर, दोन वेण्या, रिबिनी. दीपाला सांगावं लागलंच नाही. तिने डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.  फ्लॅश उडाला.

टीव्ही निघाला एका विधवा बाईला, जिच्या घरचा टीव्ही उन्हाळ्यापासून बंद होता. सगळ्यांना आनंद झाला. मेव्हण्याला काहीच मिळालं नाही, आणि तो स्वतःच सर्वांत जोरात ओरडला, "या पोरीला लास वेगासला घेऊन चला!"

"आई, मी गुड काढली ना?" घरी येताना गाडीत दीपाने विचारलं.

"एकदम गुड. तुझ्या हाताला गुण आहे, राणी."

गुरुवारच्या गावच्या पेपरात पहिल्याच पानावर फोटो आला. पिंपात हात घातलेली, डोळे मिटलेली दीपा. खाली तिचं नाव, वय वर्षं सात, आणि 'भारतातील एक सुंदर प्रथा'. कांचनने पेपरच्या जादा प्रती घेतल्या. एक सांगलीला पाठवली. एक पद्मिनीकाकूंना दिली, ती त्यांनी फ्रीजवर लावली. नरेंद्रने एक ऑफिसात नेली. सेलोटेप लावून एक प्रत दीपाच्या पलंगाशी भिंतीवर आली.

त्या अटीतलं 'हात लावायचा नाही' आणि हा पिंपातला हात यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कांचनच्या तर नाहीच नाही. खेळ चालवणं म्हणजे पैसे घेणं, तिकिटं फाडणं, आकडा पुकारणं. चिठ्ठी उचलणं हे काय काम आहे? ते तर देवाने करायचं. मुलाचा हात नुसता उसना घ्यायचा.

जानेवारीच्या मीटिंगच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास आणि खुर्च्यांखाली बुटांची चिखलाची डबकी. मिस पेगने बिंगोचा अर्ज मांडला. कांचन शेजारी बसलेली, मांडीवर दीपा, हातात रंगाची कांडी. आता दोन शब्द आणि मग मतं, असं सगळ्यांना वाटत होतं. हॅलरांनी घडी घातलेला पेपर उलगडून टेबलावर ठेवला.

"हे मला करायला फार जड जातंय," ते म्हणाले. "पेग, अट तुला ठाऊक होती?"

मिस पेग फोटोकडे बघतच राहिली. चष्मा काढून तिने पुन्हा पाहिलं.  "मला... त्या क्षणी लक्षातच आलं नाही, वॉल्टर. चूक माझी आहे."

ती कांचनचं नाव घेणार नव्हती. तेच कांचनला सहन झालं नाही. दीपाला खाली उतरवून ती उभी राहिली.

"चूक माझी आहे. मी सुचवलं. ती माझी मुलगी आहे." इंग्रजी शब्द ऐन वेळी दगा देतात तसे देऊ लागले. "सर, आमच्याकडे मूल यासाठीच घेतात. त्याला काही नको असतं. म्हणून त्याचा हात शुद्ध. तिथं लोक हसत होते, शंका घेत होते. मी फक्त... सगळं प्रामाणिक व्हावं म्हणून."

हॅलरांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिला वाटलं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही खरं बोलताय, मला दिसतंय," ते म्हणाले. "मूल शुद्ध असतं म्हणून तुम्ही त्याला तिथं नेता. मूल शुद्ध असतं म्हणूनच आम्ही त्याला तिथून लांब ठेवतो. आज मी हे सोडून दिलं तर उद्या येणाऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू? सगळ्या गावाने हा फोटो पाहिलाय."

 'आणि ही मुलं तीन वाजता जातील कुठं?' हे वाक्य कांचनच्या ओठांवर होतं. ते मिस पेगने विचारलं. टेबलामागच्या एका बाईने डोळे पुसले. तरी मतं घेतली तेव्हा दोन हात वर झाले आणि तीन झाले नाहीत. वर्षभर कुठलीही परवानगी नाही, मग पुन्हा अर्ज करा.

वर्षभर! पिंगपाँगच्या टेबलाला महिनाभरसुद्धा थांबता येणार नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये मिस पेगने गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडता खरवडता म्हटलं, "तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं काम होतं लक्ष ठेवणं." कांचनने मान हलवली. पण खरवडण्याचा तो आवाज घरी पोचेपर्यंत तिच्या दातांत राहिला.

"मम्मी," मागच्या सीटवरून दीपा म्हणाली, "डिड आय पिक राँग?"

"नाही गं राणी. तू काही चुकली नाहीस."

"मग त्या आजोबांनी माझा फोटो का आणला?"

कांचनने वायपर लावले. बर्फ पडायचं थांबलं होतं, तरी लावले.

नरेंद्र त्या रात्री टोमणा मारायचा विसरला. "नोकरी सोडतेस?" त्याने विचारलं, आणि दोघांनीही एकदम घराच्या भिंतींकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "मी बॉसशी बोलतो." तो बोललाही. बॉस हसला. कांचनने लॅबमध्ये विचारलं; सकाळच्या पाळीची रांग मोठी होती. पद्मिनीकाकूंनी बिचाऱ्यांनी तळमळून सांगितलं, "मी ठेवून घेतली असती गं, पण मी एडिसनला, शाळा तिकडे. आणि मला कुठं गाडी येते?" शेजारच्या बाईने महिन्याचा जो आकडा सांगितला तो ऐकून कांचन थँक्यू म्हणून परत आली.

क्लबच्या शेवटच्या दिवशी मिस पेगने प्रत्येक मुलाला एकेक पिंगपाँगचा चेंडू दिला.

आता किल्ली. नरेंद्रने हार्डवेअरच्या दुकानातून दुसरी करून आणली. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की बरीच मुलं गळ्यात घालतात, स्वेटरच्या आत, दिसू नये म्हणून. कांचनने देवाच्या डब्यातला काळा दोरा काढला. दीपा बाळ असताना दृष्ट लागू नये म्हणून तिच्या मनगटाला बांधला होता, त्याच रिळाचा. तो दुहेरी करून तिने किल्ली ओवली. गार पितळ छातीला लागेल म्हणून फडक्याची छोटी पिशवी शिवावी का, असा विचार करत ती बराच वेळ बसली. शेवटी शिवलीच, स्वतःच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाची.

शनिवारी भिशी होती. तिला जायचं नव्हतं, पण न जाण्याचं कारण सांगणं जाण्याहून अवघड होतं. पोहे झाले, चहा झाला. फ्रीजवर फोटो अजून तसाच. काकूंनी डबा आणला.

"कुठंय गं आमची लक्ष्मी?"

दीपा सोफ्याच्या कोपऱ्यात होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ये ना राणी. सगळ्या थांबल्यात तुझ्यासाठी."

"मी नाही," दीपा म्हणाली. "मी अंडर एटीन आहे."

बायका खदखदून हसल्या. "ऐका! वकीलच होणार ही!" कुणीतरी म्हणालं. काकूही हसल्या, पण त्यांची नजर कांचनकडे गेली आणि हसू अर्ध्यावर थांबलं. शेवटी काकूंनी स्वतःच डोळे मिटून डब्यात हात घातला.

"डोकावू नका हं, काकू!" भिशीतली सुलभा ओरडली. पुन्हा हशा.

दीपाचे हात पाठीमागेच होते. स्वेटरच्या गळ्यातून काळ्या दोऱ्याचं टोक दिसत होतं. कांचनने पुढे होऊन ते आत सारलं.

सोमवारी तिने लॅबमध्ये घड्याळाकडे न बघण्याचा निश्चय केला आणि सगळी दुपार घड्याळाकडेच बघत काढली. शाळा सुटली असेल. आता कोपरा ओलांडला असेल. रस्ता पार करताना दोन्हीकडे बघितलं असेल ना? घरी ठरवलं होतं. फोन दोनदा वाजवून ठेवायचा, मग पुन्हा करायचा, म्हणजे आईच आहे हे कळेल. तिने तसं केलं. दुसऱ्या वेळी पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास.

"दीपा? मी आहे, बाळा. आई."

"हाय."

"कुलूप उघडलं ना नीट? आतून लावलंस?"

"हो."

"शहाणी गं माझी. टेबलावर लाडू ठेवलाय, दूध प्यायलीस?"

"नंतर."

"काय करत्येस?"

"बसलेय."

"कुठे?"

"दाराजवळ. खाली."

कांचनच्या मागे मशीन गरगरत होतं. कुणीतरी तिला हाक मारली. तिने हातानेच थांबवलं.

"कोट काढलास का? हीटर चालू आहे ना?"

"नाही काढला."

"का गं?"

"तू येणारेस ना आता."

"साडेपाचनंतर, राणी. अजून वेळ आहे. घड्याळात छोटा काटा पाचच्या पुढे जाईल ना, तेव्हा. तोवर चित्र काढ, टीव्ही लाव."

 पलीकडे पिंगपाँगचा चेंडू लाकडी फरशीवर एकदा टप्पकन पडला आणि घरंगळत दूर गेला.

"ओके," दीपा म्हणाली. "मी कोट घालूनच वेट करते."